बर्फावर आम्ही दोघी

आज माइकसमोर आम्ही दोघी बसलो आहोत. खुर्ची एकच आहे, त्यामुळे एक खुर्चीवर आणि एक स्टुलावर. आवाज दोन ऐकू येतील, पण बोलणं एकीचंच समजा, कारण जे सांगणार आहोत ते दोघींचं मिळून आहे.

झालं असं की, मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत आमचा एक जुना फोटो मोबाइलवर फिरला. त्यात आम्ही दोघी डोक्यावर हेल्मेट, तोंडावर लोखंडी जाळी, हातात कोपरापर्यंतचे मोजे घालून उभ्या. एका काकूंनी फोटो जवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, "ह्या कोण गं? बॉम्ब शोधणाऱ्या का?" सगळ्या हसल्या. मग आम्ही म्हटलं, काकू, ह्या आम्हीच, आणि आम्ही हॉकी खेळत होतो, बर्फावरची. त्यावर इतके प्रश्न आले की त्या दिवशी कर्जफेडीचा विषय राहूनच गेला. अध्यक्षताई रागावल्या. म्हणाल्या, काय सांगायचं ते रेडिओवर सांगा, बैठकीत नको. म्हणून आलो.

आमच्यातली एक माण तालुक्यातली. तिचं लहानपण टँकरची वाट बघण्यात गेलं. दुसरी संगमेश्वरकडची, जिथं पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत. दोघींनी बर्फ पाहिला होता तो गोळेवाल्याच्या गाडीवर नाहीतर मासळीच्या पेटीत. आमची ओळख झाली ती अमेरिकेत, २०१४ च्या ऑगस्टमध्ये. बॉस्टन शहराला लागून केंब्रिज नावाचं गाव आहे, मध्ये चार्ल्स नदी. त्या नदीच्या काठावर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. लोक तिला एमआयटी म्हणतात. पुण्याची एमआयटी नव्हे, ही वेगळी. तिथं पदवीला अर्ज करणाऱ्या शंभरांतल्या जेमतेम चार-पाच जणांना प्रवेश मिळतो. आम्ही पीएच.डी.ला गेलो होतो.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, कारण बैठकीत हाच प्रश्न सगळ्यात आधी आला होता. एवढे पैसे आणले कुठून? तर तिथं विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएच.डी.ला बहुतेकांची फी माफ होते आणि संशोधनाचं किंवा शिकवण्याचं काम केल्याबद्दल महिन्याला विद्यावेतन मिळतं. खायला-राहायला ते पुरतं. पण तिथवर पोचायचा खर्च आपलाच असतो. तिकीट, व्हिसा, परीक्षांच्या फिया, अंगावरचा गरम कोट. माणच्या घरात त्यासाठी एक दुभती म्हैस विकली. संगमेश्वरच्या घरात मामाकडून हातउसने घेतले. हे लक्षात ठेवा, पुढे त्या म्हशीचा विषय येणार आहे.

पहिले चार महिने फार वाईट गेले. आपल्या शाळेत आम्ही पहिल्या, कॉलेजात पहिल्या. तिथं गेल्यावर कळलं की प्रत्येकजण कुठून तरी पहिलाच येऊन आलेला आहे. वर्गात मास्तर प्रश्न विचारायचे आणि आमच्या डोक्यात तो मराठीत उतरून होईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलेलं असायचं. गृहपाठ म्हणजे पाच-सहा गणितं, पण एकेक गणित दोन दोन रात्री खायचं. खोलीवर आल्यावर आम्ही एकमेकींशी बोलायचोसुद्धा नाही. भात लावायचो, लोणच्याशी खायचो आणि पुन्हा वही उघडायचो. आपल्याला चुकून घेतलंय, कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येईल आणि परत पाठवतील, असं दोघींना वाटायचं. पण हे एकमेकींना सांगितलं ते फार नंतर.

त्यात तो हिवाळा. २०१४-१५ चा हिवाळा बॉस्टनच्या नोंदींतला सगळ्यात जास्त बर्फाचा. त्या हंगामात एकूण नऊ फुटांहून जास्त बर्फ पडला. गाड्या गाडल्या गेल्या, लोकल बंद पडल्या, वर्गांना सुट्ट्या द्याव्या लागल्या. अशाच एका संध्याकाळी प्रयोगशाळेतून येताना आम्ही आडोसा म्हणून एका मोठ्या इमारतीत शिरलो. ती खेळाची इमारत. आत बर्फाचं मैदान होतं, त्याला रिंक म्हणतात. म्हणजे बाहेरच्या बर्फातून सुटलो आणि आतल्या बर्फासमोर येऊन उभ्या राहिलो. तिथं मुली खेळत होत्या. एक जण कडेला येऊन पाणी पीत होती. तिनं आमच्याकडे बघून विचारलं, "खेळता?" आम्ही म्हटलं, नाही, आम्हाला बर्फावर नीट चालताही येत नाही. ती म्हणाली, "मग मंगळवारी या. तुमच्या पायाचं माप काय?"

एवढंच. परीक्षा नाही, अर्ज नाही, गुणपत्रिका नाही. त्या सगळ्या आवारात आम्हाला न निवडता आत घेणारी ती पहिलीच जागा. आम्ही गेलो.

आता तो खेळ सांगतो. आपल्याला हॉकी माहीत आहे ती गवतावरची, ध्यानचंदांची. बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो. त्याऐवजी काळ्या कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन साधारण १७० ग्रॅम. खेळाआधी तिला फ्रीजमध्ये गोठवतात, म्हणजे ती उसळत नाही, सरळ घसरते. मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, चारी बाजूंनी कठडा. एका संघाच्या सहा जणी बर्फावर, त्यातली एक गोलरक्षक. वीस वीस मिनिटांचे तीन भाग. पण कुणीही वीस मिनिटं सलग खेळत नाही. पाऊण-एक मिनिट जीव खाऊन पळायचं, मग कठड्यावरून आत उडी मारायची, की दुसरी बाहेर. दम इतका लागतो की बाकावर बसल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. पुरुषांच्या खेळात अंगावर धडक मारायला परवानगी असते. आम्ही खेळत होतो तेव्हा बायकांच्या खेळात तिला मनाई होती. धक्के लागायचेच, पण मुद्दाम धडक दिली तर दोन मिनिटं बाहेर बसवायचे.

मैदानाखालची करामत आम्हाला खेळापेक्षा जास्त आवडली. जमिनीखाली नळ्यांचं जाळं असतं आणि त्यातून थंडगार खारं पाणी किंवा तसलाच न गोठणारा द्रव फिरवतात. मीठ घातलेलं पाणी साध्या पाण्यासारखं लवकर गोठत नाही, म्हणून ते नळीत वाहत राहतं आणि वरचं साधं पाणी गोठवतं. वरचा बर्फ जेमतेम इंच-सव्वा इंच जाड. खेळून खेळून त्याला चरे पडतात, भुगा साठतो. मग एक मोठं यंत्र येतं, झाम्बोनी नावाचं. फ्रँक झाम्बोनी नावाच्या माणसानं कॅलिफोर्नियात १९४९ मध्ये ते बनवलं. ते बर्फाची वरची पापडी खरवडून घेतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडत जातं. गरम का? कारण गरम पाणी चऱ्यांमध्ये नीट मुरतं, खालच्या बर्फाशी एकजीव होतं. आम्ही पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोघींच्या तोंडून एकदमच निघालं, "सारवतोय की!" अंगण सारवल्यावर कोणी पाय ठेवला तर आजी कशी ओरडायची, तसंच तिथं, ते यंत्र फिरून बर्फ बसेपर्यंत कोणी मैदानात उतरायचं नाही.

पहिला महिना आम्ही फक्त पडलो. पण पडणंही शिकवतात हो. मागे पडायचं नाही, डोकं आपटतं. गुडघे वाकवून पुढे किंवा कुशीवर पडायचं. पडल्या पडल्या मुठी मिटायच्या, कारण शेजारून दुसरीच्या बुटाचं पातं जात असतं आणि बोटं उघडी असली तर कापतात. मग एक गुडघा टेकवायचा, दुसरा पाय रोवायचा, काठीचा आधार न घेता उठायचं. आणि डोक्याला मार लागला तर कितीही "काही नाही झालं" म्हटलं तरी बाहेर बसवायचे, तपासल्याशिवाय परत उतरू द्यायचे नाहीत. मळमळ, अंधारी, विसराळूपणा ह्यांतलं काही आहे का, हे दुसऱ्या दिवशीही विचारायचे. आपल्याकडे मोटारसायकलवरून पडलेली बाई उठते, पदर झटकते आणि भाकरी थापायला बसते. तिलाही असं दोन दिवस कुणी विचारलं पाहिजे.

सामान फार लागतं. नडग्यांना, कोपरांना, खांद्यांना पॅड, जाड चड्डी, मोजे, हेल्मेट, दातांमध्ये धरायचं रबर, बूट, काठी. नवं घ्यायचं तर आमचं दोन महिन्यांचं विद्यावेतन गेलं असतं. पण आधीच्या मुली शिकून जाताना आपलं सामान ठेवून जात. एक मोठं कपाट भरलेलं होतं. त्यातून ज्याचं त्याचं माप शोधून घ्यायचं. वास मात्र असा की विचारू नका. ओल्या घोंगडीचा वास त्यापुढे अत्तर. आमच्या एका बुटात आत पेनाने सहा जणींची आद्याक्षरं लिहिलेली होती. आम्ही सातवी लिहिली, मराठीत.

ही कपाटाची पद्धत का पडली असावी, तेही सांगतो. त्या विद्यापीठात आधी ४१ खेळांचे अधिकृत संघ होते. २००९ मध्ये पैशांची ओढाताण झाली आणि त्यांनी आठ खेळ त्या यादीतून काढले. त्यात मुलांची आणि मुलींची, दोन्ही बर्फावरच्या हॉकी होत्या. अधिकृत संघ म्हणजे खर्च विद्यापीठाचा. तो गेला की उरतो तो क्लब. क्लब म्हणजे खेळणाऱ्यांनीच चालवायचा. वर्गणी काढायची, सामने ठरवायचे, गाडी बघायची, पंचांचे पैसे द्यायचे, हिशेब लिहायचा. हे ऐकून तुम्हाला काही आठवलं का? आम्हालाही आठवलं. माणच्या पोरीची आई गटाची सचिव होती. लहानपणी तिच्या मांडीवर बसून ही पासबुकं लावायची. क्लबमध्ये दुसऱ्या वर्षी खजिनदार कोण होणार असं विचारलं, तेव्हा सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. संगणकाची अवघड कोडी चुटकीसरशी सोडवणाऱ्या मुली, पण वर्गणी मागायची म्हटलं की लाजायच्या. आमच्यातल्या एकीने हात वर केला. आईसारखीच लाल वही घातली. कोणी किती दिले, कोणाचे राहिले, कोणाला हप्त्याने द्यायचेत, सगळं दर मंगळवारी बाकावर मोठ्याने वाचून दाखवायची. पहिल्यांदा सगळ्यांना ते फार विचित्र वाटलं. पण एकीचीही थकबाकी राहिली नाही.

मुलींना हा खेळ कोणी सहज दिलेला नाही, हे आम्हाला तिथंच कळलं. कॅनडात १८९० च्या सुमारास कॉलेजच्या मुली पायघोळ झग्यांमध्ये खेळायच्या. झग्याच्या घेरात पक लपवून न्यायच्या असंही सांगतात. नऊवारीचा काष्टा घालून त्यांच्याहून बरं खेळता आलं असतं, असं आमचं प्रामाणिक मत आहे. १९५० च्या दशकात टोरांटोमध्ये अ‍ॅबी हॉफमन नावाची आठ-नऊ वर्षांची मुलगी केस कापून, मुलगा म्हणून मुलांच्या संघात खेळली. जन्माचा दाखला मागितला तेव्हा ती मुलगी असल्याचं उघड झालं. पुढे ती ऑलिंपिकमध्ये धावली. धावलीच, कारण बायकांची बर्फावरची हॉकी ऑलिंपिकमध्ये यायला १९९८ साल उजाडलं, जपानमधल्या नागानो इथं.

आता आमच्या खेळाबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. आम्ही पुष्कळ हरलो. आमच्यातल्या एकीने आयुष्यात एकच गोल केला, तोही दुसरीने मारलेली पक हिच्या नडगीला लागून आत गेली म्हणून. पण तो वहीत लिहिलेला आहे.

मुख्य सांगायचं ते हे. घरी आम्ही हॉकीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. वर्षभर. खोटं बोललो नाही, पण सांगितलंही नाही. रविवारी सकाळी आम्ही घरी फोन करायचो, तेव्हा घरी संध्याकाळचे साडेसात झालेले असायचे. "अभ्यास कसा चाललाय?" "चांगला." "जेवतेस ना?" "हो." झालं.

२०१६ च्या जानेवारीत माणच्या मुलीची पात्रता परीक्षा होती. पीएच.डी.ला सुरुवातीला ही परीक्षा असते, ती पार केली तरच पुढे राहता येतं. ती नापास झाली. आयुष्यात पहिल्यांदा. दुसरी संधी मिळणार होती, पण दुसरी शेवटचीच. ती तीन दिवस उठली नाही. घरी मात्र सांगितलं, "निकाल लागायचाय."

त्यानंतर तीन आठवड्यांनी बाहेरगावच्या एका सामन्यात संगमेश्वरची मुलगी कठड्यावर आपटली आणि मनगट मोडलं. उजवं. विद्यार्थ्यांना विमा असतो, त्यामुळे दवाखान्याचा खर्च निभावला. पण रविवारी फोन होता, आणि तो चेहरा दिसणारा फोन. तिनं शाल घेतली आणि प्लॅस्टर शालीखाली धरलं. आई म्हणाली, "ताप आहे का?" "नाही, थंडी आहे." मग आई म्हणाली, "केस का विंचरले नाहीत?" आता डाव्या हाताने वेणी घालायची कशी! तेवढ्यात शाल सरकली. प्लॅस्टर दिसलं. "जिन्यावरून पडले," असं ती म्हणाली.

आम्हाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. आमच्या दोघींच्या आया एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षभर बोलत होत्या. संगमेश्वरच्या आईनं माणच्या आईला विचारलं, जिना एवढा वाईट आहे का हो तिथला? माणच्या आईनं आपल्या मुलीला विचारलं. ही बिचारी आधीच रडकुंडीला आलेली. तिनं जिना, हॉकी, परीक्षा, सगळं एका दमात सांगून टाकलं. एका रात्रीत दोन्ही घरांना सगळं कळलं.

संगमेश्वरची आई रडली आणि मग ओरडली. ते बरं होतं. माणचे वडील काहीच बोलले नाहीत. आठ दिवस फोनवर आले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि एवढंच म्हणाले, "म्हैस विकली ती शिकायला. खेळायला नव्हे."

ह्याला उत्तर काय देणार? आम्ही पुष्कळ रात्री बोललो. खेळामुळे नापास झालो का? खरं सांगायचं तर थोडंफार हो. सामन्यांच्या प्रवासात चार शनिवार-रविवार गेले होते आणि परीक्षेच्या तोंडावर ते जायला नको होते. पण त्याच्या आदल्या वर्षी, जेव्हा खेळ नव्हता, तेव्हा आमची जी अवस्था होती ती घरी कुणाला माहीतच नव्हती. परत जाण्याच्या विमानांचे भाव आम्ही दोघींनी, एकमेकींपासून लपवून, बघून ठेवले होते. वडिलांना हे सांगितलंच नव्हतं, मग त्यांनी कशाच्या आधारावर समजून घ्यायचं?

शेवटी तिनं वडिलांना फोन केला आणि सगळं सांगितलं, विमानाच्या भावासकट. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "दुसरी परीक्षा कधी?" "मे महिन्यात." "तोवर खेळू नको." ती म्हणाली, "खेळणार नाही. पण वही माझ्याकडे आहे, हिशेब सोडता येणार नाही." ह्यावर मागून आईचा आवाज आला, "हिशेब कसा सोडायचा? अर्ध्यात?" तो वाद तिथंच मिटला.

हंगाम संपेपर्यंत ती मंगळवारी रिंकच्या बाकावर कोट घालून बसायची. एका मांडीवर लाल वही, दुसऱ्या मांडीवर पुस्तक. मोडक्या हाताची शेजारी बसून तिला प्रश्न विचारायची, आणि हिच्या प्रयोगाच्या नोंदी ती लिहून द्यायची. बर्फावरून येणाऱ्या मुलीही दम खाता खाता एखादा प्रश्न टाकायच्या. मेमध्ये ती पास झाली. पुढच्या हिवाळ्यात दोघी पुन्हा उतरलो, ह्या वेळी घरी सांगून. संगमेश्वरची आई दर सामन्यानंतर दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरायला लावायची.

आता आम्ही परत आलो आहोत. एक पाणी तपासणीचं काम करते, दुसरी कॉलेजात शिकवते. इथं बर्फ नाही, त्यामुळे खेळ सुटला. पण २०२५ च्या जूनमध्ये आखाती देशातल्या अल ऐन गावी आशिया चषकात भारताच्या बायकांनी बर्फावरच्या हॉकीत कांस्यपदक मिळवलं. त्या संघात लडाखच्या मुलींचा मोठा भरणा. लडाखमध्ये तळी गोठतात तेवढे हिवाळ्याचे जेमतेम दोन महिने नैसर्गिक बर्फावर खेळायला मिळतं. त्या रात्री आम्ही एकमेकींना फोन केला आणि दोघीही आधी काही बोललोच नाही.

आमच्या खेळातली एक पक माणच्या घरी आहे. वडिलांनी ती हातात घेऊन बघितली होती, नखाने टोकरली होती. म्हणाले, "चेंडू चपटा का केला?" मग गरम पाण्याने सारवण्यापासून सगळं सांगावं लागलं. आता ती पक डेअरीच्या पावत्यांवर वजन म्हणून ठेवलेली असते. म्हैस नवी घेतली आहे, तिच्याच पावत्या.

हेल्मेट, मोजे आणि काठी आम्ही पुढच्या बैठकीत घेऊन येतो. ज्यांना घालून बघायचं असेल त्यांनी बघा, पण कर्जफेडीचा विषय आधी संपवू, नाहीतर अध्यक्षताई पुन्हा रागावतील. पुढच्या गुरुवारी ह्याच वेळी पशुवैद्यक ताई शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलणार आहेत, तेव्हा रेडिओ लावून ठेवा. नमस्कार.